पस्तिसाची अडतीस

मित्रांनो, बेकरीत भट्टीच्या डाव्या हाताला, पिठाने पांढरा पडलेला एक गोल टायमर टांगलेला असतो, तो जुना टायमर मीच. माझी तबकडी हव्या त्या आकड्यापर्यंत पिळायची, मग मी टकटक करत शून्यावर येतो आणि घंटा वाजवतो. मला दुसरं काही येत नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा मी मिनिटाला मिनिट होतो. मालकीणबाई सगळ्यांना सांगायच्या, "हा आहे म्हणून माझा पाव करपत नाही." स्तुती कुणाला नको असते? पण वर्षं गेली, पोटात पीठ साचलं, स्प्रिंग सैल झाली. पस्तीस मिनिटांना मी अडतीस घेऊ लागलो. मालकीणबाईंनी मला उघडलं नाही, फेकलंही नाही. त्या पस्तीसऐवजी बत्तिसावर लावू लागल्या. पुढे त्यांच्या हाताला इतकी सवय झाली की आपण आकडा कमी लावतो हे त्यांच्या लक्षातही येईना.

मालकीणबाईंची भाची त्यांच्याकडेच वाढली. तिला वकील व्हायचं होतं. कायद्याच्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत पस्तीस-पस्तीस मिनिटांचे चार भाग असतात. मोबाइल हाती घेतला की अभ्यासाचे बारा वाजायचे, म्हणून तिने तो कपाटात टाकला आणि मला मागून घेतलं. रोज दुपारी भट्टी थंडावली की ती पीठ मळायच्या टेबलावर बसायची आणि मला पस्तिसावर लावायची. बरोबर पस्तिसावर!

आता खरं सांगतो. मी सावकाश चालतो हे मला ठाऊक होतं. पण कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. मी हुरळून गेलो. माझी घंटा वाजायच्या आत तिचा शेवटचा प्रश्न सुटायचा आणि ती टाळी वाजवायची, तेव्हा मला वाटायचं, यात आपलाही वाटा आहे.

परीक्षेच्या दिवशी प्रत्येक भागात तिचे तीन-चार प्रश्न राहिले. घरी आली ती थेट टेबलाशी बसली. गुण कमीच आले. कॉलेजांना अर्ज तर आधीच गेलेले होते. तिने पुन्हा परीक्षा द्यायचं ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी मला पिळलं. मालकीणबाई शेजारीच ट्रे पुसत होत्या.

"अगं, पस्तिसावर कशाला? बत्तिसावर लाव की."

"का?"

"तो रेंगाळतो ना. बत्तीस लावले की पस्तीस होतात."

भाचीने वही मिटली. "मावशी, हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुला माहीतच असेल. इथं सगळ्यांनाच माहीत आहे गं." मग खाली बसून म्हणाल्या, "मी येते तुला हव्या त्या कॉलेजात. सांगते त्यांना, चूक माझी आहे."

"काय सांगशील? टायमरनं दगा दिला म्हणून?"

दोघी हसल्या नाहीत. त्या दिवशी मला खिळ्यावर परत टांगलं. कुणी रागावलंही नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या वेळी तिने मावशीचं मनगटी घड्याळ वापरलं, तेही आधी ताडून पाहून. गुण भरपूर वाढले. पण तोवर चार महिने उलटले होते, जागा भरत आल्या होत्या, आणि कॉलेजला दोन्ही वेळचे गुण दिसतात. तिला हव्या असलेल्या कॉलेजातून, प्रवेशाचं काम पाहणाऱ्या एका बाईंचा फोन आला. हात पिठाचे होते, म्हणून तिने स्पीकर लावला.

"दोन वेळच्या गुणांत एवढा फरक कसा?"

आता माझं नाव निघणार, निघू दे, असं मला मनापासून वाटलं.

"पहिल्या वेळी मी एका जुन्या टायमरवर सराव केला," ती म्हणाली. "तो बरोबर चालतो का, हे एकदाही तपासलं नाही. वकील व्हायचं आणि साक्षीदारालाच प्रश्न विचारायचा नाही! चूक माझीच."

मग बाई म्हणाल्या, "उत्तर आवडलं. पण या वर्षीची शेवटची जागा गेल्या आठवड्यात गेली. पुढच्या वर्षी पहिल्या यादीत तुमचं नाव धरते."

म्हणजे माझ्या तीन मिनिटांनी तिचं अख्खं वर्ष खाल्लं. ते वर्ष ती माझ्यासमोरच पाव भाजत काढते आहे, आणि मला रोज बत्तिसावर लावते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना तेलपाणी करा. पण त्यांची खोड ठाऊक असेल, तर दुसऱ्याच्या हाती देताना तेवढी सांगा. आम्हाला तोंड नसतं. एक घंटा असते, आणि माझी तर उशीर झाल्यावरच वाजते.