चारी सिलिंडर शाबूत

गाडी विकायला काढलेला माणूस तोंडाला येईल ते सांगतो. टायर गुळगुळीत झालेले असले तरी तिला नवरीसारखी सजवतो आणि इंजिन तर म्हणे कालच बसवलंय. व्यंकटी मात्र आपली जीप ट्रॅक्टरला बांधून लातूरला आला तो मनात एकच घोकत आला, की इंजिन मेलेलं निघू दे. गाडी भंगारात गेली तरी त्याला चालणार होतं.

भूकंपाआधी किल्लारीच्या बाजूला सीटा भरून तो हीच जीप चालवायचा. त्या सकाळी दगडमातीच्या ढिगातून त्यानं आठ वर्षांच्या लेकाला, आनंदराजला उपसून काढलं, बायकोच्या, सरजाबाईच्या मांडीवर ठेवलं आणि लातूरच्या दवाखान्याकडं गाडी पिटाळली. थोरली लेक मनीषा उमरीला मामाकडं गेली होती म्हणून वाचली. टाकीत डिझेल कमी होतं, तेव्हा शेतातल्या पाण्याच्या इंजिनासाठी ठेवलेल्या बॅरलमधलं घाईघाईनं ओतून घेतलं. औशाच्या अलीकडं जीपनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. मागून पोरानं विचारलं, "बा, आलं का लातूर?" सरजाबाई म्हणाली, "आलंच बग." व्यंकटी बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत राहिला. दुसरी गाडी थांबेस्तोवर पोर गेलं होतं.

इंजिनच बसलं, असं तो त्या दिवशी म्हणाला आणि पुढं तेवढ्यावरच जगला. सरजाबाईही आल्यागेल्याला तेच सांगे. नव्या गावठाणात घर मिळालं, जीप पत्र्याच्या शेडात ओढून आणली, पण बॉनेटला त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. मिस्त्री यायचे, बघतो म्हणायचे. त्यांना चहा पाजून तो वाटेला लावायचा.

कारण एक गोष्ट त्याला एकदा जेवता जेवता आठवली होती आणि घास तोंडातच राहिला होता. जीपवाल्यांच्या गाड्या अशा वाटेत बंद पडतात त्या बहुतेक वेळा इंजिन बसून नाही. डिझेलमध्ये घाण आली की फिल्टर तुंबतं, नळीत हवा शिरते आणि गाडी 'एअर पकडते'. मग फिल्टर काढून धुवायचं, एक स्क्रू ढिला करायचा आणि हातपंपाचं बटन अंगठ्यानं दाबत राहायचं. बुडबुडे निघून गेले की गाडी चालू. व्यंकटीनं हे काम तोंडात बिडी धरून कितीदा केलं होतं त्याला हिशेब नाही. नेमकं त्या सकाळी सुचलं नाही. पोटचं पोर मागं कण्हत असताना कुणाला काय सुचतं म्हणा, पण ही समजूत दुसऱ्याला घालता येते, स्वतःला नाही.

आता मनीषा लातूरला अकरावीत शिकायला आली होती. तिच्या शिक्षणासाठी जीप विकायची, असं सरजाबाईनं ठरवलं आणि त्याला नाही म्हणता येईना. लातूरचा तर क्लासेसनी नुसता बाजार मांडला होता. दुकानाच्या वर क्लास, क्लासच्या वर होस्टेल. त्या पोरांना जेवणाचे डबे पोचवायला ईश्वरप्पा मेसवाल्याला गाडी हवी होती. माणूस व्यवहाराला पक्का. आधी अजीज मिस्त्रीनं तपासायचं, मगच बोलणी. अजीज मूळचा नांदेडचा, कामाला सरळ आणि बोलायला कंजूष. दोन दाब बघायचे, एवढंच तो म्हणाला. एक इंजिनाचा, एक डिझेलचा.

लेकीसाठी भरलेला धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन सरजाबाई गॅरेजच्या बाकड्यावर बसली. इंजिन मोकळं व्हावं म्हणून मिस्त्रीनं आदल्या दिवशीच सिलिंडरांत थोडं तेल सोडून ठेवलं होतं. आता त्यानं नोजल काढून त्या जागी गेज आवळलं आणि व्यंकटीला सेल्फ मारायला बसवलं. उघड्या बॉनेटमुळं व्यंकटीला काटा दिसत नव्हता. नुसते शब्द ऐकू येत होते.

पहिला चांगला. दुसरा चांगला. तिसरा त्याहून बरा. चौथ्याला ईश्वरप्पानंच खुशीत मान डोलावली.

व्यंकटी खाली उतरला. "तेलानं दाखवत आसंल, मिस्त्री," तो म्हणाला. "तेल टाकलं की म्हातारं इंजिनबी घटकाभर जवान व्हतंय."

आपलाच माल पाडून बोलणारा विकणारा बघून ईश्वरप्पा पोट धरून हसला. अजीज हसला नाही. त्यानं इंजिन फिरवून फिरवून तेल बाहेर काढलं आणि पुन्हा दाब मोजला. काटा जेमतेम केसभर उतरला. चारी सिलिंडर शाबूत होते.

मग दुसरं गेज डिझेलच्या नळीला लागलं. तिथं काटा हललाच नाही. मिस्त्रीनं फिल्टर उघडलं तर आत काळा चिखल. त्यानं फिल्टर बदललं, ताजं डिझेल भरलं, स्क्रू ढिला केला आणि हातपंपावर अंगठा ठेवला. आधी फेस आला, मग स्वच्छ धार. व्यंकटी त्या अंगठ्याकडं बघत होता. एवढंसं काम होतं. एवढंसंच. दुसऱ्या सेल्फला जीप चालू झाली आणि गल्ली धुरानं भरली.

"कवा बंद पडली व्हती, भाऊ?" अजीजनं विचारलं.

"भूकंपाच्या सकाळी."

गाडी बंद करून अजीज फडक्याला हात पुसत आत गेला.

सरजाबाई उठून आली होती. जन्मभर जीपवाल्याची बायको, एअर म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती नवऱ्याजवळ येऊन हळू बोलली.

"तुमाला म्या कवा सांगितलं न्हाई. गाडी बंद पडायच्या आदीच त्यो गेला व्हता."

व्यंकटीनं तिच्याकडं बघितलं. बा, आलं का लातूर? गाडी थांबल्यावरच पोरानं विचारलं होतं, आणि उत्तर हिनंच दिलं होतं. इतकी वर्षं रोज रात्री तो ते ऐकत आला होता. तीही ऐकत असणार. कधी खोटं न बोललेली ती बाई डबा पोटाशी धरून त्याच्या डोळ्याला डोळा देऊन उभी होती.

"हाव," तो म्हणाला. "मलाबी तसंच वाटलं व्हतं."

त्यानं तिच्या हातातला डबा घेतला. दोघं मनीषाच्या होस्टेलकडं चालू लागली. मागं ईश्वरप्पा हौसेनं जीप पुन्हा पुन्हा चालू करून बघत होता, आणि ती दर वेळी चालू होत होती.