काळुरामच्या दंडावरची लस

बायजाला कल्याणच्या चावडीमागच्या खोलीत कोंडून दोन दिवस झाले होते. गुन्हा काहीच नव्हता. डोंबिवलीखालच्या खाडीकाठी मिठागरावर राबणारी ती बाई. तिच्या तान्ह्या काळुरामच्या दोन्ही दंडांवर टोचलेल्या देवी छान भरल्या होत्या, एवढंच. देवीची साथ पेटली होती आणि लस पिकलेलं दुसरं मूल जवळपास नव्हतं.

"मना घरा जाव दे," ती दाराआडून म्हणाली.

"उद्या लस काढू, मग जा," देवी टोचणारे त्र्यंबकराव बाहेरून म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण वणवण करून थकला होता. "मागल्या शतकात विलायतेतल्या एका डॉक्टरनं गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस एका पोराला टोचली. तिथून या दंडावरून त्या दंडावर करत ती तुझ्या लेकापर्यंत आली. तू निघून गेलीस तर इथल्या पोरांना मी काय देऊ?"

बाहेरून कडी लागली.

शिपाई बायजाला न्यायला आला तेव्हा सासूनं बजावलं होतं, "लस काढू दिलीस तर देवी कोपंल. मंग पोर घेऊन दारात येऊ नको." लस द्यावी तर ते दार बंद, न द्यावी तर हे.

सकाळी काळुराम तापानं कण्हायला लागला. बायजाच्या मनात आलं, फोडच नसला तर आपल्याला ठेवतील कशाला? डोळे मिटून तिनं त्याच्या उजव्या दंडावरचा फोड नखानं फोडला. पोर किंचाळलं, तशी दुसऱ्या दंडाला हात लावायचा तिला धीर झाला नाही.

त्र्यंबकरावांनी दार उघडलं, ओला दंड पाहिला आणि ते उंबरठ्यावरच बसले. डावा दंड कुंचीखाली होता. तो पाहायचंही त्यांना सुचलं नाही.

"जा आता," ते म्हणाले.

अंगणात पोरं घेऊन बायका बसल्या होत्या. त्यातली रखमाबाई पुढे आली. "तुझंच ना गं ते मूल? काढली का लस? माझी थोरली परवाच गेली. ही एवढीच उरलीय."

बायजानं तिच्या कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. ती तशीच मागे फिरली आणि त्र्यंबकरावांसमोर कुंची बाजूला केली.

"यो एक हाय अजून. पयलं हिचे पोरीला."

लस चार-पाच पोरांना पुरली. बाकीच्या बायका रिकाम्या हातांनी परतल्या. त्र्यंबकरावांनी रखमाबाईला सांगितलं, "आठव्या दिवशी लस काढायला मुलीला घेऊन या. नाहीतर शिपाई पाठवावा लागेल."

रखमाबाईनं बायजाला हळूच विचारलं, "कोंडून ठेवतात?"

"हां," बायजा म्हणाली. "पर तू ये."

होडी डोंबिवलीच्या बाजूला लागली, तरी सासूला काय सांगायचं ते तिला सुचलं नव्हतं.