घरून नकार

"आलं का?"

सकाळी सातला गेटवरचा वॉचमन विचारतो, मग लिफ्टवाला विचारतो, आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत चहाची किटली घेऊन फिरणारी कॅन्टीनची बाईसुद्धा विचारते. काय आलं का, हे कुणी बोलत नाही, सगळ्यांना सगळं ठाऊक. चूक माझीच आहे. अर्ज टाकला त्या दिवशी दवंडी पिटत मीच फिरले होते. आता तीन आठवडे होत आले आणि "आलं का" कानावर पडलं की माझं डोकं सटकतं.

मी बायकांच्या वॉर्डात मावशी आहे. चादरी बदलायच्या, बेडपॅन द्यायचं, अंग पुसायचं, केस विंचरायचे. वय माझं अठ्ठावीस, पण सत्तरीच्या आजीही मला मावशी म्हणतात आणि मी त्यांना "काय गं आजी" म्हणते, असा आमचा उलटसुलट गोतावळा. सहा वर्षं झाली. यंदा ठरवलं, नर्सिंग शिकायचंच, आता नाही तर कधीच नाही. दोन ठिकाणी अर्ज केला. एक तीन वर्षांचा डिप्लोमा, घरापासून चालत दहा मिनिटांवर. दुसरी चार वर्षांची पदवी, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जायचं, आणि पुस्तकं सगळी इंग्रजीत. डिप्लोमावाल्यांचं पत्र आठ दिवसांत आलं. जागा दिली आहे, शुक्रवारी पाचच्या आत मूळ कागदपत्रं जमा करा. मूळ म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणि तो माणसाला एकच मिळतो. एकदा त्यांच्या कपाटात गेला की दुसरीकडचा रस्ता बंद.

पदवीवाल्यांकडून मात्र चकार शब्द नाही. "फोनवर कळवू" म्हणाले होते. ड्यूटीवर आम्हाला मोबाइल कुलपात ठेवावा लागतो, म्हणून मी फॉर्मवर अण्णांचा नंबर दिला होता. अण्णा म्हणजे माझे वडील. ते दिवसभर घरीच असतात, लोकांचे मिक्सर आणि पंखे दुरुस्त करत. रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आत विचारायची, "फोन आला होता?" आणि ते मान वर न करता सांगायचे, "तुझ्यासाठी? नाही बुवा."

का नाही आला, हे मला पक्कं माहीत होतं. त्या बाहुलीमुळे.

मुलाखतीच्या खोलीत पलंगावर माणसाच्या मापाची प्लास्टिकची बाहुली झोपवलेली होती. समोर तिघं बसलेले. मधल्या प्राध्यापक बाई, चष्मा कपाळावर चढवलेला, म्हणाल्या, "नाडी बघून दाखवा." शहाण्या मुलीनं काय करावं? मनगट धरावं, घड्याळ बघावं, मोकळं व्हावं. मी वाकले आणि म्हणाले, "आजी, हात बघू का जरा? गार लागतील हं माझी बोटं." बाहुलीला! एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण तिची पावलं उघडी दिसली, तर मी चादरसुद्धा ओढून नीट केली. कडेला बसलेले सर फस्सकन हसले. बाई हसल्या नाहीत, त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. आणि इतकं सगळं करून नाडी काही मला सापडली नाही. ती बटण दाबल्यावर सुरू होते, हे मला बाहेर आल्यावर कळलं.

घरी हे सांगितलं तेव्हा आई हसून हसून शिवणयंत्रावर डोकं टेकून बसली. अण्णा म्हणाले, "जाऊ दे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. डिप्लोमा काय वाईट आहे? ड्रेस तोच, वॉर्ड तोच. चार वर्षंवाल्या काय चार-चार इंजेक्शनं जास्त देतात?"

"तिला काय वाटतं ते बघू या की," आई म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी. शुक्रवारी मी स्वतः फाइल घेऊन येतो," अण्णा म्हणाले, आणि विषय संपला. आमच्या घरी विषय असाच संपतो.

आता पदवीचं खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं, तेही सांगते. गेल्या वर्षी सहा नंबरला एक बाई होती. रोज सकाळी माझ्याकडून वेणी घालून घ्यायची. एक दिवस म्हणाली, आज नको. तेवढंच. मी मोठ्या सिस्टरांकडे पळत गेले आणि म्हटलं, "सहा नंबर आज बरी नाही." त्यांनी विचारलं, "कशावरून?" मला सांगता येईना. त्या आल्या, बघितलं, आणि पुढच्या दहा मिनिटांत डॉक्टरांची धावाधाव सुरू झाली. बाई वाचली. पण माझ्या मनात ते "कशावरून" रुतून बसलं. मला कळतं, पण का कळतं ते कळत नाही. ते मला शिकायचंय. डिप्लोमातही शिकवतात, नाही असं नाही. पण उद्या माझ्यासारख्या दहाजणींना फळ्यापुढे उभं राहून ते सांगायचं असेल, तर पदवी लागते. आणि मला तिथे उभं राहायचंय. हे मी कुणापुढे बोलले नव्हते, कारण लोक म्हणतील, हिला अजून नाडी सापडत नाही आणि ही निघाली शिकवायला.

शुक्रवार उजाडला. अण्णा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल पिशवीत टाकून तयार. साडेतीनला डिप्लोमावाल्यांच्या गेटवर भेटायचं ठरलं.

दुपारी दोनला आमच्याकडे पाळी बदलते. जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला प्रत्येक पलंगापाशी नेते आणि तिथेच उभं राहून सांगते, पेशंट कोण, आज काय झालं, काय करायचं राहिलं. कितीही घाई असो, शेवटचं चुकवायचं नाही. त्या दिवशी सगळे पलंग झाल्यावर मोठ्या सिस्टर माझ्या चादरींच्या ट्रॉलीपाशी येऊन थांबल्या. त्या स्वतः डिप्लोमावाल्या, बावीस वर्षं वॉर्ड चालवताहेत, आणि त्यांच्या कामात खोट काढायची कुणाची छाती नाही.

"आता तू तुझं सांग," त्या म्हणाल्या.

"माझं काय?"

"पेशंट कोण, काय झालं, काय राहिलं."

मी चिडून म्हटलं, "पेशंट मी. एका ठिकाणी जागा मिळाली, दुसऱ्या ठिकाणी बाहुलीनं घात केला. राहिलं काही नाही."

"त्या कॉलेजला फोन केलास?"

मी ट्रॉलीवरच्या चादरींच्या घड्या सारख्या करायला लागले. फोन केला नाही तोवर कुणी नाही म्हणत नाही ना. तेवढ्या आशेवर मी तीन आठवडे काढले होते.

"मग राहिलंय की," त्या म्हणाल्या. "आणि राहिलेलं काम पुढच्या पाळीवर ढकलायचं नाही." वॉर्डातला फोन उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.

पलीकडे क्लार्क होता. मी नाव सांगितलं. कागद चाळल्याचा आवाज आला. "तुमचं नाव यादीत होतं. पण घरून नकार आलाय."

"काय आलंय?"

"नकार. आम्ही दोनदा फोन केला. दोन्ही वेळा एक गृहस्थ 'नको आम्हाला' म्हणाले आणि फोन ठेवून दिला."

अण्णा. हातचं सोडू नये म्हणणारे माझे अण्णा. मला भयंकर राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं ते रागाहून वाईट होतं. रोज संध्याकाळी मान वर न करता "नाही बुवा" म्हणत होते ते.

"थांबा, मॅडमना देतो," क्लार्क म्हणाला.

मॅडम म्हणजे त्याच, चष्मावाल्या. "परवाच पत्र टाकलंय तुम्हाला. पोचलं नाही का अजून?"

"नाही हो."

"तुमच्या नावापुढे 'घरून नकार' लिहून आणलं यांनी. मी म्हटलं, नाव खोडायचं नाही. जिनं विचारल्याशिवाय बाहुलीचासुद्धा हात धरला नाही, तिला विचारल्याशिवाय आपण परस्पर ठरवायचं? म्हणून विचारते. तुम्हाला ही जागा हवी आहे का?"

तीन आठवडे सगळ्या जगानं मला "आलं का" विचारलं होतं. हवी आहे का, हे कुणीच विचारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"हवी आहे," मी म्हटलं. इतक्या जोरात, की नऊ नंबरच्या आजी झोपेतून दचकून उठल्या.

"मग पाचच्या आत मूळ कागद घेऊन या. आज यादी बंद होते."

फोन ठेवला आणि त्याच फोनवरून अण्णांना लावला. काय काय बोलायचं ते सगळं तोंडात तयार होतं. मागे कुठलातरी मिक्सर घरघरत होता. अण्णांनी उचलला.

"अण्णा..."

"नको आम्हाला!" आणि फोन बंद.

मी रिसीव्हरकडे बघत राहिले. परत लावला. "अहो, मी..." "एकदा सांगितलं ना नको म्हणून! पाण्याचं यंत्र नको, प्लॉट नको, काही नको!" खट्ट.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षांपूर्वी अण्णांनी अशाच एका अनोळखी फोनवर गोड आवाजात बोलणाऱ्या बाईचं सगळं ऐकून घेतलं होतं, आणि चौथ्या दिवशी घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं. ते आजतागायत ओट्यावर ठिबकतंय. तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की समोरच्याला पहिलं वाक्यही पुरं करू द्यायचं नाही, असा त्यांचा नेम. माझी जागा त्यांनी नाकारली नव्हती. त्यांना ती कुणी विकायला आलंय असं वाटलं होतं.

मोठ्या सिस्टर भिंतीला टेकून हसत होत्या. मग मीही हसायला लागले, आणि हसता हसता रडले, आणि कुलपातून माझा मोबाइल काढून फोन लावला.

"बोल गं बाळा," अण्णा लगेच म्हणाले. "मघापासून कुणीतरी डोकं खातंय बघ."

मी सगळं सांगितलं. पलीकडचा मिक्सर बंद झाला.

"म्हणजे ते... मी?" अण्णांनी विचारलं.

"तुम्हीच. आता ऐका. फाइल घ्या आणि डिप्लोमाकडे नाही, पदवीच्या कॉलेजवर या. मला तिकडे जायचंय."

मला वाटलं, आता हातचं-पळतं सुरू होणार. अण्णा म्हणाले, "कुठल्या रस्त्यानं लवकर पोचेन, तेवढं सांग."

साडेचारला ते स्कूटर ढकलतच गेटमधून आत आले. पेट्रोल संपलं होतं, शर्टाची इस्त्री मोडली होती, फाइल पोटाशी धरलेली. दाखला त्यांनी स्वतः क्लार्कच्या हातात दिला. "नकार मी दिला होता," ते त्याला म्हणाले. "पोरीचा काही दोष नाही. तेवढं खोडा." क्लार्कनं त्यांच्यासमोर रेघ मारली.

मग मी डिप्लोमावाल्यांना फोन करून जागा सोडली, म्हणजे तिकडे कुणी वाट बघत असेल तिला तरी कळेल.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. दोन बस, इंग्रजी पुस्तकं, चार वर्षं. भीती वाटत होती, पण ती माझी मी मागून घेतलेली भीती होती. अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले, "तुला काय हवंय, ते मी कधी विचारलंच नाही, नाही का?"

"आता विचारा."

ते तोंड उघडणार, इतक्यात त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, नंबराकडे पाहिलं, घसा खाकरला आणि फोन कानाला लावला.

"हां ताई, बोला," ते म्हणाले. "सगळं सांगा. मी ऐकतोय."

पलीकडची बाई त्यांना सोफ्याची गादी विकत होती. आमच्याकडे सोफाच नाही. अण्णांनी मान डोलवत शेवटपर्यंत सगळं ऐकून घेतलं.