बैठकीचे चार आणे

खैरटोल्याच्या मंगळवारच्या बाजारात गोदाबाईशी भाव करून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. साठीला आलेली, मुरमुरे-फुटाणे घरीच भाजून विकणारी बाई. आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा कोंबडीवाला मान वर करायचा. घेताना रुपयाची वस्तू ती दहा आण्यांवर आणायची. विकताना मात्र भाव तसूभर हलू द्यायची नाही. वर मूठभर मुरमुरे टाकून गिऱ्हाइकालाच वाटायला लावायची, की लूट आपणच केली!

बैठकीचंही तेच. बैठक म्हणजे बाजारात बसायचे पैसे, माणशी चार आणे. ठेकेदाराचा माणूस प्रेमलाल पावतीपुस्तक घेऊन आला की गोदाबाई कंबर कसायची.

"चार आने कायचे रे? या चिखलात म्हैस फुकट बसते. मी तं माणूस आहो!"

वीस वर्षांत तिनं दोन आण्यांच्या वर काही दिलं नव्हतं. प्रेमलाल बिचारा तिच्यापाशी पोचायच्या आधीच अर्धी पावती फाडून ठेवायचा.

चिखलाचं मात्र खोटं नव्हतं. वारासिवनीहून कटंगीकडं जाणाऱ्या सडकेच्या कडेला सखल जागेत तो बाजार भरायचा. पावसाळ्यात सडकेचं पाणी सगळं बाजारात. चार महिने विकणारे उकिडवे आणि घेणारे टाचेवर! गेल्या आषाढात गोदाबाईच्या टोपलीखाली पाणी शिरलं, आणि संध्याकाळी तिला न्यायला सायकलवर आलेल्या तिच्या लेकानं, वसंतानं, मूठभर मुरमुरे तोंडात टाकले. चावले, चावले, पण आवाज म्हणून आला नाही.

"माय, हे मुरमुरे हायत का सायकलची ट्यूब?"

गोदाबाईनं टोपलीवर फडकं ओढलं. माल झाकून ठेवायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"पुढच्या पावसाळ्यापासून घरी बस," वसंता म्हणाला. वारासिवनीच्या धानमिलमध्ये हमालीला लागलेला पोरगा, मनानं चांगला, आईची काळजी वाटून म्हणत होता. "मी कमावून राह्यलो ना? लोकं काय म्हनतीन मले?"

 लेकाचं चुकत नव्हतं, हेच तर वाईट होतं. बाजारातले अकरा जण आधीच वारासिवनीच्या बाजारात जाऊ लागले होते, बसनं, माल टपावर टाकून. तिला या वयात ते जमणारं नव्हतं. म्हणजे हा बाजार मोडला, की गोदाबाई घरी. आणि घरी बसून ती करणार काय? भिंतीशी भाव?

"नगरपालिकेत अर्ज देऊ," ती अनुसयाला म्हणाली.

अनुसया बाजाराच्या पार खालच्या टोकाला, नालीच्या कडेला भाजी घेऊन बसायची. तिच्या मोहल्ल्याच्या सगळ्यांनाच ती जागा, पहिल्यापासून. कोणी दिली, काहून दिली, हे विचारायची रीत नव्हती. पण अनुसया होती चौथी पास. आणि नागपूरच्या दीक्षेनंतर तिच्या मोहल्ल्यानं आपल्या हातांनी विटा पाडून बुद्धविहार बांधला, तेव्हा त्याचा हिशेब तिनंच ठेवला होता. पै इकडची तिकडं झाली नव्हती, हे गोदाबाईला ठाऊक होतं.

"अर्ज तीन खेप देल्ला गोदामाय," अनुसया म्हणाली. "पैसा नाई म्हन्तेत."

"मंग आमी देतो तो पैसा जाते कोठं?"

"ठेकेदाराकडं. तो वर्षाले एक रक्कम नगरपालिकेत भरते, लिलावात ठरते ते. त्याच्यावर जेवढी बैठक गोळा होईल, ते त्याची."

"म्हन्जे आपून चिखलात बसाचं, आन् खेमराज ठेकेदारानं आपल्या पैशानं पान खायाचं?"

"हौ."

गोदाबाईनं हातातला तराजू खाली ठेवला.

"मंग तो लिलाव आपूनच काहून घेऊ नोय वं?"

अनुसया हसली नाही. त्याचीच तर वाट पाहत होती ती!

पुढचे पाच महिने त्या दोघी बाजारभर फिरल्या. अनामत रक्कम भरायला पैसे हवे होते, आणि रोकड मागितली की माणसाचं तोंड लहान होतं. म्हणून गोदाबाईनं युक्ती काढली. दर मंगळवारी प्रत्येकानं आपल्या मालातली एक मूठ द्यायची. तांदूळवाल्यानं तांदळाची, मिरचीवालीनं मिरचीची, सुकटवाल्यानं सुकटाची. कुंभारणीची मूठ कशी घ्यायची म्हणून तिच्याकडून एक मडकं, आणि त्या मडक्यात सगळ्यांच्या मुठींच्या पुड्या. बाजार उठताना गोदाबाई तो माल एकत्र विकायची. विकायला गोदाबाई असल्यावर काय विचारता! तुटक्या झाडण्यासुद्धा ती शुभशकुनाच्या म्हणून खपवून आली. फाल्गुन लागेपर्यंत अनामत जमली आणि वर पहिल्या हप्त्यापुरतंही जमलं.

लिलावात बोलायचं कोणी? सगळ्यांनी एकाच तोंडानं गोदाबाईचं नाव घेतलं. भाव करण्यात तिचा हात कोण धरणार?

"ध्यानात ठेव गोदामाय," अनुसयानं आठ दिवस घोकून घेतलं. "त्याइनं अकराशे म्हनलं, तं तू साडेअकराशे म्हनाचं. वर जायाचं. बाराशेच्या वर मातर नाई, तेवढे आपल्यानं भरवत नाई."

"वर जायाचं, वर जायाचं. कळलं वं, मी का लहान पोरगी आहो?"

लिलावाच्या दिवशी बाजारासमोरच्या नगरपालिकेच्या ओसरीवर गर्दी मावेना. बालाघाटहून साहेब आले होते. नगरपालिकेचा कारकून हिरालाल बाबू टेबलाशी उभा, हातात कागद. खेमराज ठेकेदार खुर्चीवर, गालात पान, एका पायावर दुसरा पाय. सात वर्षं त्याच्याशिवाय कोणी बोलीच लावली नव्हती. यंदा बायकांचा घोळका पाहून त्याला करमणूक वाटत होती.

हिरालाल बाबूनं घसा खाकरला. "बैठकी बाजार, साल भर का ठेका. सरकारी बोली, ग्यारह सौ रुपये!"

ग्यारह सौ हे शब्द गोदाबाईच्या कानात शिरले, आणि आठ दिवसांचं घोकलेलं तिथल्या तिथं उडून गेलं. समोर माणूस उभा आहे, त्यानं भाव सांगितला आहे. मग वीस वर्षांत जे झालं तेच झालं. तोंड आपोआप उघडलं.

"आठशे!"

ओसरी हसून हसून लोळली. खेमराजला ठसका लागला, पानाची पिंक त्याच्याच धोतरावर पडली. अनुसयानं कपाळावर हात मारला.

"बाई," हिरालाल बाबू डोळे पुसत म्हणाला, "बोली ऊपर जाती है, नीचे नहीं!"

गोदाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाच महिन्यांच्या मुठी, साऱ्या बाजाराचा विश्वास, आणि आपण हे काय करून बसलो! मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. पण लाजून मागं सरायची सवय नव्हती, आणि लाज वाटली की तिला राग यायचा. तो आला.

"वर काहून जाईल?" ती कडाडली. "आधी मालाकडं तं पाह्य! इकडं या साहेब, इकडं या. ते पाहा. फागुन महिना हाय आन् नालीकडं अजून चिखल. सडक्या वांग्याचा भाव वर जाते काय कोनत्या बाजारात? गेल्या सालापासून अकरा जन उठून वारासिवनीले गेले. माल कमी झाला आन् भाव तोच?"

हसू जरा कमी झालं. साहेब खरंच उठून कठड्यापाशी आले होते.

खेमराजनं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि बोलीसाठी बोट वर केलं. ते पाहताच गोदाबाईनं, आपण काय बोलतो आहोत हे कळायच्या आत, बोलून टाकलं:

"आन् हे बी ऐकून ठेवा. ठेका ठेकेदारानं घेतला, तं येत्या मंगळवारी आमच्यातलं कोनी तिथं बसनार नाई. सडकेपलीकडं महागूनं आपली खळ्याची जागा देल्ली आमाले. उंचावरची. फुकट!"

सगळ्यांच्या माना महागूकडं वळल्या. महागू हा साधा शेतकरी. आज कोथिंबिरीच्या चार जुड्या विकून घरी जाता जाता गंमत पाहायला थांबला होता. त्याला यातलं अक्षर माहीत नव्हतं. त्याचं तोंड उघडं पडलं. त्यानं गोदाबाईकडं पाहिलं. गोदाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की आजवर तिच्यापुढं भाव धरून उभा राहिलेला कोणी त्याला आठवेना.

"हौ," महागू म्हणाला. "देल्ली बा."

"हौ, हौ!" मागून मिरचीवाली ओरडली, सुकटवाला ओरडला, आणि मग सगळी ओसरीच ओरडू लागली. "आमी खळ्यात बसतो!"

खेमराजचं बोट अजून वर होतं. पण तो ठेकेदार होता, खुळा नव्हता. बाजारात कोणी बसलंच नाही, तर बैठक घ्यायची कोणाकडून, म्हशीकडून? बोट हळूहळू खाली आलं आणि त्यानं कान खाजवला.

"ग्यारह सौ, है कोई?" हिरालाल बाबू म्हणाला. कोणी नाही. "हजार?" कोणी नाही. त्यानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी कागद चाळला. "नौ सौ. इससे नीचे सरकार नहीं जा सकती, माताजी."

"साडेआठशे करा साहेब, दर मंगळवारी मुरमुरे..." गोदाबाईनं सुरुवात केली, तोच अनुसयानं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हौ म्हन, बुढे!"

"हौ! नऊशे!"

टेबलावर हात आपटला आणि ठेका बाजाराचा झाला. खेमराज जाता जाता गोदाबाईपाशी थांबला. "माय, तू आधी भेटली असती तं मी तुलेच नोकरीवर ठेवलं असतं," तो म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. महागू मात्र विचारत राहिला, की आता खळ्यात कोणी येणार आहे का, म्हणजे बैल दुसरीकडं बांधता येतील.

आता खरी गंमत पुढंच आहे. एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी गोदाबाई स्वतः पावतीपुस्तक घेऊन निघाली. सोबत प्रेमलाल, त्यानं मालक बदलला होता आणि तो खुशीत होता, आता निदान या बाईची भीती नाही. पहिलीच भेटली मिरचीवाली.

"चार आने कायचे वं, गोदामाय?" ती म्हणाली. "या मातीत म्हैस फुकट बसते. मी तं माणूस आहो!"

पुढं सुकटवाला, तेच. कुंभारीण, तेच. वीस वर्षं साऱ्या बाजारानं ऐकलेलं गोदाबाईचं बोलणं सगळ्यांना तोंडपाठ होतं. हसत हसत जो तो दोन आणे हातावर ठेवत होता. अर्ध्या बाजारात पोचेपर्यंत गोदाबाईच्या ध्यानात आलं, की असं चाललं तर नऊशे भरता भरताच वर्ष जाईल, आणि बसायचे ओटे बांधायला एक वीटसुद्धा उरणार नाही. ओरडावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण कोणत्या तोंडानं ओरडणार? बोल तर तिचेच होते.

ती परत आपल्या टोपलीपाशी आली. खाली बसली. कमरेची पिशवी सोडली.

"प्रेमलाल, माही पावती फाड."

"अर्धी ना?" प्रेमलाल सवयीनं म्हणाला.

"पुरी."

तिनं चार आणे त्याच्या हातावर ठेवले. एकदम, न भांडता. देताना तिचा जीव खरंच कळवळला. खोटं कशाला बोला. प्रेमलालनं पावती फाडली तो आवाज शेजारच्या चार दुकानांत ऐकू गेला, कारण तेवढ्यात ती चारही गप्प झाली होती. मिरचीवाली उठली. आली, आणि राहिलेले दोन आणे देऊन गेली. मग सुकटवाला. मग कुंभारीण, पदर डोळ्यांशी नेत, उगाच धूळ गेल्याचं निमित्त करून. संध्याकाळपर्यंत प्रेमलालचं पावतीपुस्तक संपलं. असं आजवर कधी झालं नव्हतं.

ज्येष्ठापर्यंत सहा ओटे बांधण्याइतके पैसे झाले. कुठून सुरुवात करायची यावर दोन मंगळवार भांडण झालं. गोदाबाईनं शेवटी वरच्या पट्टीत सांगितलं, की पाणी जिथं पहिलं चढते, ओटा तिथं पहिला, नालीकडून. कोणी कुरकुरलं की तिथं पहिल्यापासून कोण बसते हे पाहा. "म्हनूनच म्हनते," गोदाबाई म्हणाली, "पहिल्यापासून ते वल्ले होऊन राह्यले." तिचा स्वतःचा नंबर पुढच्या साली होता. विटा अनुसयाच्या मोहल्ल्याच्या पोरांनी वाहिल्या, गवंड्यानं एक दिवसाची मजुरी सोडली, आणि वरच्या टोकाचे लोकही, कुरकुरत का होईना, रेती टाकायला आले.

आषाढातल्या मंगळवारी पाणी सकाळपासून धरून होतं. संध्याकाळी वसंता सायकल ढकलत आला, आईच्या नेहमीच्या जागी गेला, तर तिथं घोटाभर पाणी. तो मान उंच करून इकडंतिकडं पाहू लागला.

"वसंता! इकडं रे!"

खालच्या टोकाला, अनुसयाच्या ओट्यावर, भेंडीच्या ढिगाशेजारी गोदाबाई मांडी घालून बसली होती. सकाळीच अनुसयानं तिची टोपली उचलून वर ठेवली होती आणि म्हणाली होती, "वर बस म्हनाले काय पत्रिका धाडू?"

वसंता ओट्यापाशी आला.  टोपलीवरचं फडकं सारलं, मूठभर मुरमुरे घेतले, तोंडात टाकले आणि चावले.

कुर्रर्र.

गोदाबाई त्याच्या तोंडाकडं पाहत होती. 

वसंतानं अजून एक मूठ घेतली. सगळी चावून होईस्तोवर तो सडकेकडं पाहत राहिला. मग फडकं नीट झाकलं.

"मिलमधून पुढच्या मंगळवारासाठी तांदूळ किती आनू, माय?" त्यानं विचारलं. "एक पोतं, का दोन?"