सहा झाकणं तुझी, सहा माझी

मी एक जुनी, स्टीलची, पाण्याची बाटली आहे. मित्रांनो, 'जुनी' हा शब्द मी जरा नाइलाजानेच वापरते. माझं झाकण अजून गच्च बसतं आणि माझ्यातून थेंबही गळत नाही. आजकालच्या किती बाटल्यांना हे छातीठोकपणे सांगता येईल? पोटाला एक पोचा आहे, तेवढा सोडून द्या. तो जिन्यावरून पडल्याचा आहे आणि त्यात माझी चूक नव्हती.

कारखान्यात माझा जन्म झाला, तेव्हा मी पत्र्याचा एक सपाट तुकडा होते. मोठ्या यंत्राने मला दाबलं, वळवलं, एका नळकांड्यात दुसरं बसवलं आणि घासून घासून असं चकचकीत केलं की शेजारच्या बाटल्यांना माझ्यात तोंड पाहता येई. झाकण मात्र माझं खास. ते उलटं धरलं की छोटीशी वाटी होते. दोन घोट पाणी मावतं तिच्यात.

दुकानातून मला ताईंनी निवडलं. ताई एका इस्पितळाच्या कपडेखान्यात काम करतात. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले धुऊन आले की ते तपासायचे, घड्या घालायच्या आणि मजल्यामजल्यावर पाठवायचे. दिवसभर उभं राहायचं काम. मी त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यात असायची. "हिच्यातलं पाणी दुपारपर्यंत गार राहतं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या आणि मी आणखी ताठ उभी राहायची. मग घरात रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. माझी रवानगी स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर, बंद पडलेल्या इस्त्रीच्या शेजारी झाली. ती इस्त्री दिवसरात्र आपल्याच दुखण्याचं रडगाणं गात असे. माझ्या आत कोंदट वास साठला. कुणाला माझी आठवणही राहिली नाही.

मला खाली काढलं ते घाईबाईमुळे.

घाईबाई म्हणजे ताईंच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो, ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. तिघं एकाच घरात राहतात. 'घाईबाई' हे नाव ताईंनीच ठेवलेलं. भांडं चढवायच्या आधी शेगडी पेटवणारी, एक बूट दारात आणि दुसरा जिन्यात घालणारी बाई, तिला दुसरं काय म्हणणार? पण मध्यंतरी हीच घाईबाई मोठ्या आजारातून उठली आणि खोलीतून बाहेर यायचंच विसरली. भिंतीकडे तोंड करून पडून राही. नवरा समजावून थकला. तेव्हा ताईंनी एके सकाळी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "मला एकटीने फिरायला कंटाळा येतो. गल्लीच्या टोकापर्यंत चल, मग परत ये." दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाचं पुढचं वळण झालं. मग चालता चालता कधीतरी दोघी पळायला लागल्या. ताईंची पन्नाशी उलटलेली, शाळा सुटल्यापासून त्या बसच्या मागेसुद्धा पळालेल्या नव्हत्या. शेजारीपाजारी गालातल्या गालात हसले. त्यांचं हसून झालं, या दोघींचं पळणं सुरूच राहिलं.

मॅरेथॉनमध्ये नाव घालायचं ताईंनीच ठरवलं. "एकदा एवढं करायचंय मला," त्या म्हणाल्या. "मग पाय चेपत बसेन हवं तर." त्यांनी आपल्याबरोबर घाईबाईचंही नाव घातलं.

अशा शर्यतीची तयारी करणारी माणसं आठवड्यातून एकदा खूप लांब पळतात. हळूहळू, पण लांब. वाटेत पाणी लागतंच आणि हातात वजन घेऊन पळायचं म्हणजे हमाली. म्हणून आदल्या संध्याकाळी दोघी स्कूटरवरून जुन्या रस्त्याने जायच्या आणि चढाच्या माथ्यावरच्या मैलाच्या दगडामागे मला लपवून यायच्या. तिथून त्यांना परत फिरायचं असे. माझ्यात बारा झाकणं पाणी मावतं. "सहा झाकणं तुझी, सहा माझी," ताईंनी ठरवून टाकलं. घाईबाईचे पाय तरुण, ती नेहमी आधी पोचायची. तिने आपली सहा झाकणं प्यायची आणि मला दगडावर उभं करून ठेवायचं. म्हणजे मागून येणाऱ्या ताईंना चढाच्या पायथ्यापासूनच मी दिसे. पाणी आहे, या, असा त्याचा अर्थ. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मला एवढा मान कधी मिळाला नव्हता. ताई वर येताना माझ्याकडे बघून हसायच्या. एका बाटलीकडे बघून हसणारं माणूस तुम्ही पाहिलंय का?

त्या दिवशी सगळ्यात लांबचं पळणं होतं. निघतानाच ताई म्हणाल्या होत्या म्हणे, "गुडघा कुरकुरतोय. जमलं तर माथ्यापर्यंत येईन, नाहीतर अर्ध्यातून वळेन. तू माझ्यासाठी थांबू नकोस." ऊन लवकर चढलं. मी दगडामागे सावलीत होते, तरी माझी पाठ तापली.

घाईबाई आली ती धापा टाकत, पण चेहरा फुललेला. मनगटावरच्या घड्याळाकडे बघून ती स्वतःशीच म्हणाली, "बापरे! एवढ्या लवकर?" तशी ती याआधी कधीच पळाली नव्हती. तिने झाकण भरलं, प्यायली. भरलं, प्यायली. सहा झाली. ती थांबली. उतारावरून खाली बघितलं. रस्ता मोकळा होता. "ताई वळल्या असणार," ती म्हणाली आणि सातवं झाकण भरलं. मग आठवं. नववं भरताना तिचा हात जरा अडखळला, पण तहान मोठी वाईट, मित्रांनो. मी ती फार जवळून पाहिली आहे. शेवटचं उरलंसुरलं पाणी तिने डोक्यावर ओतून घेतलं. ते मानेवरून ओघळलं तेव्हा तिने डोळे मिटले आणि "आहाहा" म्हणाली.

मग तिने झाकण लावलं आणि मला दगडावर उभं करून ठेवलं.

का ठेवलं? मला खरंच सांगता येत नाही. नेहमीची सवय म्हणून हात तसा वळला असेल. ताई येणारच नाहीत अशी तिची खात्री असेल. मी फक्त एवढंच जाणते की मी रिकामी होते आणि ऐटीत उभी होते.

ती उतरायला लागली, आणि चढाच्या पायथ्याशी, वळणावरून ताई आल्या. लंगडत, पण येत होत्या. त्यांनी आधी तिला पाहिलं, मग वर मला. दोन्ही हात उंचावून त्या ओरडल्या, "शाबास गं घाईबाई! काय पळतेयस! थांबू नकोस, घड्याळ चालू आहे तुझं!"

घाईबाईची पावलं मंदावली. मला वरून स्पष्ट दिसलं. तिने तोंड उघडलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि नुसता हात हलवून ती पुढे निघून गेली.

ताई चढ पळत चढल्या. एरवी तो चढ त्या चालत चढायच्या. त्यांनी मला उचललं मात्र, त्यांचा चेहरा बदलला. माझं वजन त्यांच्या हाताला पाठ होतं. तरी त्यांनी झाकण काढलं, मला उलटं केलं. एक थेंब तळहातावर पडला, तो त्यांनी चाटला. दगडावर टेकल्या. रस्त्याकडे बघत बराच वेळ बसल्या. मग मला हातात घेऊन उठल्या आणि परत निघाल्या.

वाटेतल्या पेट्रोल पंपापर्यंत पोचायच्या आतच त्यांचे पाय वाकडेतिकडे पडायला लागले. पुढे मी डांबरावर ठणकन आपटले आणि माझ्या शेजारी ताई. पंपावरचा माणूस धावत आला. त्याने त्यांना सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं, थोडं थोडं प्यायला दिलं, त्यांच्याच फोनवरून भावाला बोलावलं.

डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि म्हणाले, "पाणी कमी पडलं, बाकी काही नाही." पण भावाच्या तोंडचं पाणी पळालेलं. घरी आल्यावर त्याच्या जिवात जीव आला आणि मग त्याचा पारा चढला.

"बाटली ठेवली होती ना तिथे?"

"होती रे," ताई म्हणाल्या.

"मग प्यायली का नाहीस?"

मी ओट्यावर होते. घाईबाई माझ्यापासून हातभर अंतरावर, कांदा चिरत उभी. सुरी थांबली.

"माझंच लक्ष नव्हतं," ताई म्हणाल्या.

"लक्ष नव्हतं! हे काय लक्ष नसण्याचं वय आहे? बस झाली ही पळापळ. तुला झेपत नाही, हे कबूल कर आता."

ताई भिंतीकडे वळून झोपल्या. घाईबाई कांदा चिरत राहिली. कांद्याचं निमित्त होतं म्हणून बरं.

त्या दिवसानंतर घाईबाई धड जेवेना. सकाळी बूट घालेना. भावाने विचारलं तर पाय दुखतोय म्हणे. मला मात्र तिने घासायचं सोडलं नाही. आतून, बाहेरून, झाकणाच्या आट्यांमधून. एकदा धुऊन झालं तरी ती मला पुन्हा धुवायची. त्या घासण्याचा मला फार त्रास झाला, मित्रांनो, कारण मी मळलेली नव्हतेच. ताई तिच्याशी नेहमीसारख्या बोलायच्या. मीठ दे, दार लाव, आज दुकानात गर्दी होती का. एक शब्द वावगा नाही. ताईंनी चार शब्द सुनावले असते, तर तिच्या घशाखाली घास उतरला असता असं मला वाटे. ताईंचे बूट भावाने कपाटाच्या वर टाकले. ताई येताजाता एकदा त्यांच्याकडे बघायच्या आणि पुढे जायच्या.

शेवटी भाऊ म्हणाला, "त्या शर्यतवाल्यांना फोन करून तुझं नाव काढून टाकतो. मनात राहायला नको."

"काढ," ताई म्हणाल्या. इतक्या हळू, की मला ते जेमतेम ऐकू आलं.

जेवणाची ताटं मांडलेली होती. भावाने फोन कानाला लावला. पलीकडे घंटा वाजत होती.

"अहो, थांबा," घाईबाई म्हणाली. "फोन ठेवा. पाणी मी प्यायले."

"कुठलं पाणी?"

"ताईंच्या वाटणीचं. सगळं. उरलेलं डोक्यावर ओतलं. ताई खाली भेटल्या तेव्हा मला सांगता आलं असतं. मी थांबले नाही. माझं घड्याळ चालू होतं." एवढं बोलून ती रडायला लागली. "त्यांना झेपत नाही असं नाही हो. त्यांना मी पाडलं."

भावाने फोन खाली ठेवला. तो बायकोकडे बघेना आणि बहिणीकडेही बघेना.

"ताई, तुम्ही का नाही बोललात?" घाईबाईने विचारलं. "चार लोकांत मला वाट्टेल ते सुनावायचंत."

"मला वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल." ताईंचा आवाज चढला नव्हता. "पाणी प्यायलीस त्याचं मला काही नाही गं. तहान लागते माणसाला. मीच म्हणाले होते, वळेन म्हणून. पण तू बाटली उभी ठेवलीस. मला गुडघ्याने केव्हाच सांगितलं होतं, परत फिर. मी खालूनच वळणार होते. ती उभी दिसली, म्हणून तो अख्खा चढ मी पळत आले."

घाईबाईला हे ठाऊक नव्हतं. तिने ओंजळीत तोंड लपवलं.

भाऊ पुटपुटला, "मग ताई, तू पळ."

"पळणारच आहे. तुला विचारतंय कोण? बूट काढ आधी वरून." मग त्या घाईबाईकडे वळल्या. "तूही पळायचंस. रडून झालं की जेव. पण यापुढे जिने तिने आपलं पाणी आपल्याबरोबर घ्यायचं."

आता दोघींच्या कमरेला पट्टे असतात आणि त्यात छोट्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. दोघी सकाळी बरोबरच निघतात, हसतात, बोलतात. ताईंची शर्यतही पुरी झाली. घाईबाईने घड्याळ घरी ठेवून त्यांच्या बरोबरीने पळायचं ठरवलं होतं, पण ताईंनी तिला पुढे पाठवलं. मला कुणी टाकून दिलं नाही. मी वरच्या फळीवर परत आले आहे. पण त्या जुन्या रस्त्यावर, त्या दगडावर मला आता कुणी नेत नाही आणि खालून वर बघत कुणी माझ्याकडे हसत येत नाही. इस्त्री म्हणते, नशीब समज. तिला काय कळतंय?

मित्रांनो, मला जपून वापरा, पोचे आणू नका, असं मी सांगणार नाही. ते तुमचे मास्तर सांगतीलच. माझी विनवणी एवढीच आहे. पाणी संपलं, तर संपलं. प्यायलात, तर प्यायलात. पण मला रिकामी करून पुन्हा जागेवर उभी करू नका. आडवी ठेवा. मागून कुणीतरी दमलेलं येत असतं, आणि त्याला ते लांबूनच कळू दे.