डाव्या सीटसमोरचा खडखडाट

ज्ञानेशची गाडी घ्यायच्या आधी माझा मेकॅनिक मुबीन मला म्हणाला होता, "अश्विनभाऊ, एकदा लिफ्टवर चढवू द्या. खालून बघतो, मग काय तो सौदा करा."

मी हसलो होतो. ज्ञानेशची गाडी तपासून घ्यायची? आमच्या पिंपळगाव बसवंतला ही रीत नाही. परक्याकडून बैल घेताना माणूस त्याचे दात बघतो. घरच्यांची वस्तू मात्र आहे तशी उचलायची आणि वर दोन चांगले शब्द बोलायचे. मेकॅनिक सोबत नेला असता तर विमलकाकू, म्हणजे ज्ञानेशची आई, लगेच म्हणाली असती, "का रं, आमच्यावर भरवसा नाय का?" मग कुठल्या तोंडाने तिच्या हातचा चहा प्यायचा?

ज्ञानेश आणि मी पहिलीपासून एका बाकावरचे. मी शिकून नाशिकला आलो, गंगापूर रोडला चष्म्याचं दुकान टाकलं. तो गावातच राहिला, द्राक्षांचं पॅकहाउस उभं केलं आणि एका चांगल्या हंगामानंतर ही गाडी घेऊन आला. लाल, जर्मन, दोनच सीट, छत मागे दुमडणारं. अख्खं गाव बघायला लोटलं होतं. मी त्या गाडीवर किती जळत होतो ते फक्त माझ्या बायकोला माहीत आहे.

यंदा दिवाळीनंतर तो स्वतःहून म्हणाला, "घेतो का? बाहेर द्यायला जीव होत नाय. तू घेतली तर घरातच राहील."

घरातच राहील. या एका वाक्यावर मी विरघळलो.

गाडी आणायला गेलो त्या दिवशी काकूने गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. माझी मुलगी गार्गी सातवीत आहे. ज्ञानेशने डावीकडचं दार उघडून तिला राणीसारखं बसवलं, पट्टा ओढून स्वतःच्या हाताने खटकन लावला आणि म्हणाला, "आजपासून ही जागा आमच्या गार्गीची." फोटोही त्यानेच काढला. तो फोटो मी फ्रेम करून दुकानात लावला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवायचो, अगदी ज्याला चष्म्याशिवाय फोटो दिसत नव्हता त्यालासुद्धा.

मग गाडी मुबीनच्या गॅरेजला नेली. जुनी गाडी घेतली की सगळी तेलं बदलायची, हा त्याचा नियम. "मागचा मालक काय सांगतो ते सोडा," तो म्हणाला. "इंजिनाला तोंडी काही कळत नाही." इंजिन ऑइल, गिअरचं तेल, ब्रेकचं तेल, कूलंट, पट्टे, बॅटरी, सगळं एकेक करून घ्यायचं ठरलं. मला त्यात मजाच वाटत होती. इतकी वर्षं दुसऱ्याच्या अंगणात बघितलेली वस्तू आता माझी होती, तिला न्हाऊमाखू घालायचा हक्क माझा होता.

निघताना आठवलं म्हणून सांगितलं, "आणि हो, स्पीडब्रेकरवर गार्गीच्या समोर डॅशबोर्डमध्ये काहीतरी खडखडतं. रोज तेच ऐकवते मला. तेवढं बघ."

संध्याकाळी गेलो तेव्हा मुबीन नेहमीसारखा बडबडत नव्हता. टायर जुने आहेत, बदलावे लागतील, ब्रेकचं तेल काळं झालं होतं, ते बदललं, असं काहीबाही सांगून झालं. मी म्हटलं, "बघ, एवढंच ना? उगीच घाबरवत होतास."

"इकडे या," तो म्हणाला.

डाव्या बाजूचं डॅशबोर्डचं झाकण त्याने काढून ठेवलं होतं. आत नुसती पोकळी होती.

"इथे एअरबॅग असते. ही फुटून गेलेली आहे. म्हणजे गाडी जोरात ठोकलेली आहे. वरून झाकण नवं बसवलं, आणि वायरीला हा बारका तुकडा जोडला. त्यामुळे कॉम्प्युटरला वाटतं बॅग जागेवर आहे. समोर दिवा पेटत नाही."

"आणि चालवणाऱ्याची?"

"ती नवी बसवलीय. फक्त त्याच बाजूची."

माझ्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं. मी विचारलं, "धडक झाली असती तर?" मुबीनने माझ्या तळहातावर एक लहानशी काळी पिशवी ठेवली. "खडखडाट ह्याचा होता. पोकळीत लोंबत होती, आतल्या पत्र्यावर आपटायची."

पिशवीत घोड्याची नाल आणि काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा होता. दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तसा. पण मी बघत होतो तो पिशवीचा टाका. लाल आणि पांढरा, एकाआड एक. गोधडीला काकू असाच टाका घालते. गार्गी झाली तेव्हा पाळण्याला बांधायला तिने अशीच पिशवी पाठवली होती. ती अजून आमच्या कपाटात आहे.

म्हणजे काकूलाही माहीत होतं. सगळ्या घराला माहीत होतं, आणि सगळ्यांनी मिळून मला ओवाळलं.

मला चीड आली, पण तिच्याखाली जे होतं ते चिडीपेक्षा वाईट होतं. गाडी ठोकली असेल, कोणाचीही ठोकते. पैशासाठी लपवलं असतं तरी चार शिव्या देऊन मी विसरलो असतो. पण त्याने माझ्या मुलीला त्याच जागेवर बसवलं होतं. पट्टा लावताना तो हसत होता.

मुबीनला नवी बॅग मागवायला सांगितलं, झाकण परत बसवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकटाच पिंपळगावला गेलो. पॅकहाउसच्या अंगणात टेम्पो लागले होते. काकू सावलीला क्रेटवर बसून द्राक्षाचे घड निवडत होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. मला ते सहन झालं नाही.

"चला काकू," मी म्हटलं, "हायवेला एक चक्कर मारू. तुम्ही बसलाच नाहीत कधी हिच्यात."

"मी म्हातारी कुठं आता," म्हणत ती लगेच उठली. डाव्या सीटवर बसली, पदर सारखा केला. मी पट्टा लावून दिला.

ज्ञानेश ऑफिसातून बाहेर आला तो हसतच. आईला बघितलं आणि हसू जागीच विरलं.

"आई, उतर."

"का रं?"

"उतर म्हणतो ना! आधी खाली उतर!" तो धावत आला, दार उघडून तिच्या पट्ट्याशी झटापट करायला लागला. खटका निघेना.

"आरं, एवढा भितो काय?" काकू म्हणाली. "तू ठोकली तव्हा मी बिब्बा शिवून दिला व्हता ना? आत ठेवला ना तू? मग काय व्हतंय? तूच म्हणला, गाडी नव्यासारखी केली."

म्हणजे काकूला एवढंच माहीत होतं.

मी खिशातून पिशवी काढून तिच्या मांडीवर ठेवली. "ठेवला होता, काकू. या जागी जे असायला हवं होतं, ते मात्र बसवलं नाही. आत्ता धडक झाली तर चालवणाऱ्याच्या समोर हवेची उशी फुलेल. तुमच्या समोर हा बिब्बा."

"अश्विन, ऐक," ज्ञानेश म्हणाला, "मी सांगणारच होतो. हंगाम संपला की बसवून देणार होतो, आईशप्पथ..."

"गार्गीचा पट्टा तूच लावलास, ज्ञानेश."

त्याची मान खाली गेली. टेम्पोवाले काम थांबवून बघत होते. काकू त्या पिशवीवरून बोट फिरवत राहिली, स्वतःचेच टाके तपासत असल्यासारखी.

"त्या लेकराला बसवलं व्हय तू हितं?" तिने विचारलं. "माझ्या म्होरं?"

"आई, तू उतर आधी," तो पुटपुटला.

"नाय उतरत." काकूने त्याचा हात पट्ट्यावरून बाजूला केला आणि समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुझीच गाडी हाय ना, नव्यासारखी? बस. चालव. मला घेऊन चालव."

मी किल्ली त्याच्यासमोर धरली. त्याने हात पुढे केला नाही.