भागीरथाचा डोळा निवला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना टॉर्च आहे. दोन सेलांचा, पितळी अंगाचा. एके काळी वर्धा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात, डोळ्यांच्या डॉक्टर प्रमिलाबाईंच्या खिशात मी दिमाखात राहत असे. सेलूच्या शिबिरात मोतीबिंदू काढलेली म्हातारी माणसं माझ्या उजेडात बाईंची बोटं मोजत आणि हरखून हसत. नजर परत आणणं हेच आपलं मोठेपण, असं मला वाटे.

१९७८च्या उन्हाळ्यात रूपराव बायकोला, भागीरथाला, घेऊन आले. चार वर्षांपूर्वी कपाशीच्या वाळक्या काडीचं टोक तिच्या डाव्या डोळ्यात घुसलं होतं. नजर गेली ती गेलीच, वर बुबुळावर सारखे फोड येत नि फुटत. माझा झोत पडताच ती कळवळली आणि डोळ्यावर पदर दाबून भिंतीकडे वळली. मी ओशाळलो.

बाई म्हणाल्या, “डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा सरकवून बुबुळावर शिवता येईल. दुखणं थांबेल. नजर मात्र येणार नाही. आत्ता जो अंधूक उजेड कळतो, तोही कमी होईल.”

रूपराव उठलेच. “दिसनारच नाई, तं डोया काऊन कापाचा? चाल वं घरी.”

भागीरथा जागची हलली नाही. “तुमाले माही नजर पाह्यजे, मले झोप पाह्यजे. चुलीपुढं बसवत नाई. हात लागन म्हून नातवाले जवळ घेत नाई. बाई, तुमी शिवा.”

रूपराव पुन्हा खाली बसले.

आठव्या दिवशी पट्टी सुटली. बाईंनी मला लावलं, तेव्हा धास्ती मलाच होती. बुबुळावर गुलाबी, पातळ पांघरूण बसलं होतं. भागीरथानं डोळा मिटला नाही.

“दुखते का वं?” रूपरावांनी हळूच विचारलं.

“नाई जी. काईच नाई दुखत.”

रूपरावांनी दुपट्ट्यात तोंड लपवलं.

घरी निघायच्या दिवशी एस.टी.ची वाट पाहता पाहता ती बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपली. गाडी आली, थांबली, निघून गेली. रूपरावांनी तिला उठवलं नाही.

पुढे बाईंकडे नवी यंत्रं आली. मी फडताळात गेलो, आत सेल पाझरले, कळ गंजली. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, एवढं ऐका. गेलेलं परत येत नाही, म्हणून कुणाचं दुखणं वाऱ्यावर सोडू नका. त्याला काय हवं आहे, ते आधी त्यालाच विचारा.